कंपनीच्या ट्रेनिंगमधले पहिले महिने: आधी थांबायला शिका

एका शिकाऊ चालकाने पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय चोवीस, लहान मालवाहू गाडी तीन वर्षं चालवलेली, आणि आता एका वाहतूक कंपनीच्या ट्रेनिंगमधला चौथा आठवडा. वर्गातले तास संपले, यार्डात ट्रेलर मागे घ्यायचा सराव चालू आहे आणि तो जमत नाही. सोबतचे दोघे-तिघे पुढच्या टप्प्यात गेले. ट्रेनर आवाज चढवतो. पुढच्या महिन्यात त्याच्याच बरोबर लांबच्या ट्रिपवर निघायचं आहे. "मी या कामाचा नाही का? आणि सुरुवातीला नेमकं काय सांभाळू?"

मी एकवीस वर्षं जड गाड्या चालवल्या आणि गेली नऊ वर्षं नव्या चालकांना शिकवतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो: चौथ्या आठवड्यात ट्रेलर सरळ मागे जात नाही यावरून तुम्ही या कामाचे की नाही हे कुणीही सांगू शकत नाही. मलासुद्धा सांगता येत नाही. मी नव्या मुलाकडे पाहतो तेव्हा वेगळंच पाहतो. त्याला कळेनासं झालं की तो काय करतो? गाडी थांबवतो, की "जाईल बहुतेक" म्हणत आणखी दोन फूट रेटतो? थांबणारा मुलगा हळू शिकला तरी मला त्याची काळजी वाटत नाही. रेटणारा आठवड्यात सगळं शिकला तरी त्याला एकट्याला गाडी द्यायला माझा हात धजावत नाही. पुढे जे सगळं लिहितो आहे त्याच्या मुळाशी हीच एक गोष्ट आहे, म्हणून ती आधी सांगून टाकली.

आता रिव्हर्स. ट्रेलर मागे घेताना मेंदू गोंधळतो, कारण तीन वर्षांची सवय उलटी करायची असते. सलग बांधणीच्या गाडीत स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की मागचा भाग उजवीकडे जातो. ट्रेलरला मधे सांधा असतो, त्यामुळे पुढची गाडी उजवीकडे वळवली की ट्रेलरचं शेपूट डावीकडे जातं. हे वहीत लिहून पाठ होत नाही. एक जुनी युक्ती मात्र उपयोगी पडते: स्टिअरिंगला वरून न धरता खालच्या बाजूला, घड्याळातल्या सहाच्या आकड्याजवळ हात ठेवा. आता ट्रेलरचं शेपूट ज्या बाजूला न्यायचं आहे त्या बाजूला हात सरकवा. उलटसुलट विचार करायचं कामच उरत नाही.

दुसरी गोष्ट आरशाची. सरळ मागे जाताना दोन्ही आरशांत ट्रेलरची कड सारखीच दिसली पाहिजे. ज्या आरशात ट्रेलर जास्त दिसू लागला, त्या बाजूला तो सरकतो आहे. अशा वेळी त्याच आरशाच्या दिशेने स्टिअरिंग थोडं फिरवा, ट्रेलर ओळीत येऊ लागला की लगेच परत सरळ करा. "थोडं" हा शब्द इथे महत्त्वाचा. नवे चालक कमी फिरवण्यापेक्षा जास्त फिरवून आणि उशिरा परत आणून चुकतात. स्टिअरिंग आणि ट्रेलरचं शेपूट यांच्यात अंतर असतं, तुम्ही केलेली हालचाल मागे पोचायला वेळ लागतो. त्या मधल्या वेळात "काहीच होत नाही" असं वाटून माणूस आणखी फिरवतो, आणि मग एकदम कोन हाताबाहेर जातो. ट्रेलर जितका लांब तितका तो उशिरा ऐकतो. आखूड ट्रेलर झटकन वळतो आणि म्हणूनच जास्त छळतो. तुमचं यार्डातलं ट्रेलर आखूड असेल तर तुम्ही अवघड बाजूने शिकता आहात एवढं लक्षात ठेवा.

वेग इतका ठेवा की शेजारून कुणी निवांत चालत गेलं तर ते तुमच्या पुढे निघून जाईल. आणि बिघडतं आहे असं दिसलं की पुढे घ्या, गाडी सरळ करा, पुन्हा सुरू करा. पुढे घेणं म्हणजे नापास होणं, अशी समजूत यार्डात कशी पसरते मला कळत नाही. चाचणीत कितीदा पुढे घेता येईल यावर मर्यादा असते हे खरं, पण मालाच्या धक्क्यावर तशी कुणी मोजत बसत नाही. तीस वर्षं काढलेला चालकही अरुंद जागेत तीन-चारदा पुढे घेतो. जागा निवडता येत असेल तेव्हा ड्रायव्हर साइडने मागे घ्या. त्या बाजूला तुम्हाला खिडकीतून मान काढून स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं. क्लिनर साइडने घेताना ट्रेलर वळला की त्या आरशात ट्रेलरच्या भिंतीशिवाय काही दिसत नाही.

आणि उतरा. खाली उतरून मागे जाऊन बघा. मागे घ्यायच्या आधी एकदा, अर्ध्यात एकदा, शंका आली की पुन्हा. खांब, पायरी, वरची वायर, धक्क्याची उंची, खड्डा, मागे उभा असलेला माणूस. यातलं बरंच काही आरशात येतच नाही. कुणी हात दाखवत असेल तर त्याच्याशी आधी एकच खूण ठरवून घ्या, ती म्हणजे "थांब". आणि तो माणूस आरशातून दिसेनासा झाला की त्याच क्षणी गाडी जागच्या जागी उभी. तो कुठे गेला हे कळल्याशिवाय चाक हलायचं नाही. माझ्या कारकिर्दीत मी पाहिलेला सगळ्यात वाईट अपघात यार्डात झाला होता, ताशी पाच किलोमीटरच्या वेगाने. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिणार नाही.

उतरण्याबद्दल एक छोटी गोष्ट, जी वर्गात कुणी नीट सांगत नाही. केबिनमधून तोंड बाहेर करून उडी मारू नका. तोंड केबिनकडे, शिडी उतरतो तसं. दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, असे तीन आधार कायम टेकलेले. दिवसातून वीस वेळा चढ-उतार करायची असते आणि पायरी कधी ओली असते, कधी तेलकट. घोटे आणि गुडघे गेलेले किती तरी चालक मला माहीत आहेत ज्यांना रस्त्यावर एकही अपघात झाला नव्हता.

ट्रेनरबद्दल. आवाज चढवणारे दोन प्रकारचे असतात. एकाला तुमची भीती वाटते म्हणून तो ओरडतो: गाडी त्याच्या नावावर असते, समोरचा नवा असतो, आणि बाजूच्या सीटवर ब्रेक नसतो. दुसरा ओरडतो कारण त्याला तसंच शिकवलं गेलं. पहिल्याशी बोलता येतं. गाडी बंद असताना, चहाच्या वेळी वगैरे, शांतपणे सांगा: "मागे घेताना मधे बोललात की माझं आरशावरचं लक्ष उडतं. 'थांब' एवढंच म्हणा, मी लगेच थांबेन, मग काय चुकलं ते सांगा." बहुतेक जण ऐकतात, कारण "थांब" म्हटल्यावर हा मुलगा थांबेल याची त्यांना खात्री हवी असते. मीही सुरुवातीची दोन वर्षं ओरडायचो. एका शिकाऊ मुलाने मला हेच वाक्य ऐकवलं आणि तेव्हापासून माझी शिकवायची पद्धत बदलली. पण ट्रेनर शिवीगाळ करत असेल, अंगावर धावून येत असेल, किंवा नियम मोडायला सांगत असेल, तर तो शिस्तीचा भाग समजून सोसू नका. कंपनीकडे दुसरा ट्रेनर मागा, लेखी मागा.

सोबतचे पुढे गेले याचं दुःख मला कळतं. पण रोज संध्याकाळी एका वहीत दोन ओळी लिहा: आज गाडी कुठे बिघडली आणि त्याच्या आधी मी काय केलं होतं. आठवडाभराने तुमची एकच चूक पुन्हापुन्हा दिसेल. मग सगळं रिव्हर्स नव्याने शिकायचं ओझं राहत नाही, एक सवय तेवढी सोडायची असते.

लांबच्या ट्रिपला निघण्याआधी सकाळची तपासणी अंगवळणी पाडा. ठराविक जागेवरून सुरू करायची, एकाच दिशेने गाडीला पूर्ण फेरी मारायची, तिथेच संपवायची. मधे कुणी हाक मारली आणि तुम्ही गेलात, तर परत येऊन पहिल्यापासून. चाकांच्या नटाभोवती गंजाचे ओघळ दिसले तर नट ढिला असण्याची शक्यता धरा. जोडचाकांच्या मधे दगड अडकला आहे का पाहा. तो निघून मागच्या गाडीच्या काचेवर जातो. दोन्ही टायर एकमेकांना घासत असतील तर हवा कमी आहे किंवा माल जास्त आहे. टायर बदलला असेल तर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर थांबून नट पुन्हा आवळायचे, कारण नवं बसवलेलं चाक थोडं बसकण घेतं.

ट्रेलर जोडताना फिफ्थ व्हीलचा, म्हणजे ट्रेलर जिच्यात अडकतो त्या पुढच्या गाडीवरच्या प्लेटचा, आवाज आला म्हणजे लागला, असं धरू नका. टॉर्च घेऊन खाली वाका आणि किंगपिनच्या (ट्रेलरखालच्या जोडखुंट्याच्या) मानेभोवती जबडा बंद झाला आहे हे डोळ्यांनी पाहा. वरची आणि खालची प्लेट यांच्यात फट नको. मग ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवून हळूच पुढे ओढून बघा. हे पाहायला एक मिनिट लागतं. ट्रेलर चालत्या गाडीतून सुटला तर काय होतं याची कल्पना तुम्ही करू शकता.

हवेचे ब्रेक मात्र नीट समजून घ्या, कारण लहान गाडीवरून येणाऱ्याला इथेच सगळ्यात मोठा फरक पडतो. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ साली रेल्वेसाठी हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. पहिल्या रचनेत एक खोट होती: नळी तुटली की ब्रेकच गेले. १८७२च्या सुधारित रचनेत त्याने ते उलटं केलं, हवा निघून गेली की ब्रेक आपोआप लागावेत असं. आजच्या ट्रकच्या पार्किंग ब्रेकमागे हाच विचार आहे. तो जबरदस्त ताकदीच्या स्प्रिंगने लागतो आणि हवेच्या दाबाने सुटतो. म्हणून गाडी सुरू केल्यावर हवा भरेपर्यंत गाडी हलत नाही. आणि म्हणूनच तो स्प्रिंगचा चेंबर रस्त्यात कधी उघडायचा नाही. आतली स्प्रिंग सुटली तर माणूस दगावतो.

बहुतेक गाड्यांत भरलेल्या हवेचा दाब सात ते साडेआठ बार असतो, म्हणजे साधारण १०० ते १२५ पीएसआय. सपाट जागी, चाकांना ठोकळे लावून, इंजिन बंद आणि चावी चालू ठेवून पेडल दाबत-सोडत राहा आणि काटा पाहा. चार बारच्या आसपास, म्हणजे ६० पीएसआयला, इशाऱ्याचा दिवा किंवा आवाज यायला हवा. आणखी दाब उतरला की स्प्रिंग ब्रेक आपोआप लागायला हवेत. आकडे गाडीगणिक थोडे बदलतात, तुमच्या गाडीच्या पुस्तकात ते दिलेले असतात. मुद्दा असा की इशारा वाजतो तेव्हा कसा वाजतो हे तुम्ही यार्डात ऐकलेलं असावं. उतारावर तो पहिल्यांदा ऐकायची वेळ येऊ नये. टाक्यांतलं पाणीही काढत जा. दाबलेल्या हवेतून पाणी सुटतंच, आणि ते वाल्वपर्यंत पोचलं की त्रास सुरू होतो.

हवेच्या ब्रेकला आणखी एक स्वभाव आहे. पेडल दाबल्यापासून हवा नळ्यांतून शेवटच्या चाकापर्यंत पोचायला साधारण अर्धा सेकंद जातो. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. धोका दिसून, कळून, पाय पेडलवर येईपर्यंत सावध माणसाचेही दोन-अडीच सेकंद जाऊ शकतात. त्यात हा अर्धा सेकंद मिळवा. म्हणजे ब्रेकने चाक धरायच्या आधीच गाडी साठ-पासष्ट मीटर पुढे गेलेली असते. खरं थांबणं त्यानंतर सुरू होतं. म्हणून पुढच्या गाडीपासूनचं अंतर मीटरमध्ये मोजत बसू नका, सेकंदांत मोजा: तुमच्या गाडीच्या दर तीन मीटर लांबीला एक सेकंद, आणि वेग साठ-पासष्टच्या वर असेल तर आणखी एक. अठरा मीटरच्या गाडीला हे सात सेकंद होतात. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मोजायला लागा. रस्ता ओला असेल तर आणखी वाढवा. मोकळ्या जागेत लोक घुसतील आणि तुम्हाला राग येईल. पाय थोडा उचला आणि ती जागा पुन्हा तयार करा. दिवसभरात शंभरदा करावं लागलं तरी फार तर काही मिनिटांचा उशीर होतो.

उताराबद्दल मी ट्रेनिंगमध्ये पूर्ण दिवस बोलतो. चाळीस टनांची गाडी तीनशे मीटर उंचीवरून खाली येते तेव्हा तिच्यातली जी ऊर्जा कुठे तरी जिरवायची असते, तिच्यात साडेतीनशे लिटर पाणी उकळीला येईल. तुम्ही सगळा भार चाकांच्या ब्रेकवर टाकला तर एवढी उष्णता त्यांच्या ड्रममध्ये जाते, म्हणजे ब्रेक आतून ज्याला धरतो त्या चाकाबरोबर फिरणाऱ्या भांड्यात. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे लायनरपासून (ड्रमला घासणाऱ्या ब्रेकच्या अस्तरापासून) लांब सरकतो. ब्रेक चेंबरचा दांडा जेवढा बाहेर येऊ शकतो तेवढा येतो आणि तरी पकड बसत नाही. लायनरही तापून गुळगुळीत होतो.

माझ्या दुसऱ्या वर्षी मी हे अनुभवलं. रात्रीची वेळ, भरलेली गाडी, लांब उतार. मी वरून एक गिअर चढाच निघालो होतो, उशीर भरून काढायचा म्हणून. निम्म्यात जळका वास आला. आधी जेवढ्या दाबाने गाडी मंदावत होती तेवढ्याने मंदावेना. मग दुप्पट दाबूनही मंदावेना. त्या क्षणी खालचा गिअर टाकायचा प्रयत्न केला, तो पडला नाही, आणि गाडी न्यूट्रलमध्ये राहिली. उतार तिथून थोड्याच अंतरावर संपत होता, म्हणून मी आज हे लिहितो आहे. खाली थांबलो तेव्हा ड्रममधून धूर येत होता. एका वयस्क चालकाने पाण्याची बादली घेऊन निघालेल्या मला अडवलं, तापलेल्या ड्रमवर पाणी टाकलं की तो तडकतो. पार्किंग ब्रेकही लावू दिला नाही, सपाट जागी चाकांना ठोकळे लावले आणि तासभर बसवून ठेवलं.

तेव्हापासूनची माझी पद्धत अशी. वेग आणि गिअर उतार सुरू व्हायच्या आधी ठरवायचा, वरच. एक्झॉस्ट ब्रेक किंवा इंजिन ब्रेक, म्हणजे इंजिनाच्याच अडथळ्याने गाडी मंदावणारा ब्रेक, लावायचा; इंजिन जितकं जास्त फिरतं तितका तो जास्त धरतो, म्हणून खालचा गिअर लागतो. ऑटोमॅटिक गिअरची गाडी असेल तर मॅन्युअल करून खालचा गिअर पक्का करायचा, नाहीतर गाडी स्वतःहून वरचा गिअर टाकू शकते. चाकांचा ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही. समजा उताराला ताशी चाळीस ठरवला: काटा चाळीसला आला की ठामपणे दाबून तीन-एक सेकंदांत बत्तीसवर आणा, पूर्ण सोडा, पुन्हा चाळीस होऊ द्या. न्यूट्रल करून डिझेल वाचवायचा सल्ला कुणी देईल. त्याच्या गाडीत बसू नका. फक्त एक अपवाद ध्यानात ठेवा: रस्ता निसरडा आणि गाडी रिकामी असेल तेव्हा इंजिन ब्रेकने मागची ओढणारी चाकं अडकून घसरू शकतात, तेव्हा तो बंद ठेवून मुळातच हळू उतरायचं.

वळणाबद्दल थोडक्यात. ट्रेलरची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत, आतून कापत येतात. म्हणून चौकात सरळ जास्त पुढे जाऊन मग वळायचं, आणि पूर्ण वळण होईपर्यंत आतल्या आरशावरची नजर काढायची नाही. तिथेच सायकलवाला घुसतो. क्लिनर साइडच्या दाराखालचा पट्टा, बोनेटसमोरची दोन-तीन मीटर आणि ट्रेलरच्या थेट मागे, या जागा तुमच्यासाठी आंधळ्या आहेत. सिग्नलला उभं असताना तिथे कोण आलं हे निघायच्या आधी बघा. यार्डात मित्राला गाडीभोवती फिरायला सांगा आणि तो कुठे कुठे दिसेनासा होतो ते स्वतः पाहा. मी हा प्रयोग प्रत्येक तुकडीला करायला लावतो आणि प्रत्येक वेळी मुलं गप्प होतात.

माल दुसऱ्याने भरला तरी रस्त्यावर तो तुमचा असतो. युरोपातल्या मानकात माल बांधताना पुढच्या दिशेला त्याच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना व मागे अर्धा पट जोर धरतात. वीस टनांच्या मालाला ब्रेक मारल्यावर सोळा टनांचा रेटा तुमच्या केबिनकडे येतो, असं त्याचं सरळ भाषांतर. "जड आहे, हलणार नाही" हे वाक्य म्हणूनच चुकीचं आहे. निघाल्यावर ऐंशी-एक किलोमीटरच्या आत एकदा थांबून पट्टे तपासा. माल बसतो, पट्टे सैल होतात. अर्धा भरलेला टँकर असेल तर आतलं द्रव ब्रेक मारल्यावर पुढे येऊन आदळतं आणि थांबलेली गाडी पुढे ढकलतं. असा लोड पहिल्या महिन्यात एकट्याला देत असतील तर नको म्हणा.

आता झोप. लांबच्या ट्रिपचं मला तुमच्यासाठी सगळ्यात जास्त भय याचंच वाटतं. १९९७ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात सलग सतरा तास जागलेल्या माणसांची हात-डोळ्याची जुळणी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी ढासळलेली दिसली. सतरा तास म्हणजे सकाळी सहाला उठून रात्री अकराला. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी जेवणानंतरचा काळ, या दोन वेळांना शरीर स्वतःहून झोपेकडे ओढतं, तुम्ही कितीही तगडे असा. चार सेकंद डोळा लागला की ताशी ८० ला जवळपास नव्वद मीटर गाडी चालकाशिवाय गेली. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं यांनी झोप जात नाही, फक्त तुम्हाला ती गेल्यासारखी वाटते. मागचे दोन किलोमीटर आठवत नसतील, गाडी पट्ट्यावरून सरकून परत येत असेल, तर पुढच्या सुरक्षित जागेला थांबा आणि वीस मिनिटं झोपा. उठल्यावर लगेच निघू नका, पंधरा मिनिटं खाली चाला. झोपेचा जडपणा उतरायला तेवढा वेळ लागतो. आणि हे फक्त पुढच्या मुक्कामापर्यंत पोचण्यासाठी, रात्रीच्या झोपेची जागा ते घेत नाही.

कायद्यांनीही हे ओळखलं आहे. युरोपीय संघात साडेचार तासांनंतर पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती आणि दिवसाला नऊ तास चालवणं, आठवड्यातून दोनदाच दहा. अमेरिकेत सलग दहा तासांच्या विश्रांतीनंतर चौदा तासांच्या अवधीत अकरा तास चालवणं. भारतात १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास कामाचे ठरवले होते. तुम्ही जिथे चालवता तिथला आकडा पाठ करा आणि तो कमाल आहे हे समजून चाला. तासांत बसत असूनही डोळे मिटत असतील तर थांबायचंच.

ट्रेनरबरोबरच्या ट्रिपमध्ये एक विशेष अडचण येते. तुम्ही चालवता तेव्हा तो मागे झोपतो, आणि त्याची पाळी असते तेव्हा तुम्हाला चालत्या गाडीत झोप येत नाही. तिसऱ्या दिवशी हे अंगावर येतं. निघण्यापूर्वीच त्याला विचारा की पहिल्या आठवड्यात तो जागा राहून शेजारी बसणार आहे का. तुम्ही अजून एकट्याने चालवायला तयार नाही आणि तो पडद्यामागे झोपलेला आहे, याला ट्रेनिंग म्हणत नाहीत. "मला झोप आली आहे, मी थांबतो" हे वाक्य त्याला पहिल्याच दिवशी म्हणून दाखवा, खरंच झोप आलेली असो वा नसो. एकदा तोंडातून निघालं की पुढे सोपं जातं.

ऑफिसच्या फोनलाही हेच लागू. "कुठे पोचलास?" हा प्रश्न दिवसातून पाच वेळा येईल. गाडी चालू असताना उचलू नका. वेळ गाठता येणार नसेल तर ते लवकर सांगा. तीन तास आधी सांगितलेला उशीर कंपनीला सांभाळता येतो. वाऱ्यापावसात, खराब टायरवर किंवा तास संपल्यावर निघायला सांगितलं तर नकार द्या आणि तोच नकार मेसेजमध्येही लिहून पाठवा: वेळ, जागा, कारण. भांडण नको, आवाज नको. नोकरी जाईल ही भीती मला समजते, मीही ती घेऊन जगलो आहे. माझ्या सुरुवातीच्या एका मालकाने अशा नकारावरून मला घरी बसवलं होतं. दुसरं काम मिळायला पाच आठवडे लागले. ते पाच आठवडे कठीण गेले आणि मी तो नकार आजही तसाच देईन.

करारावर सही करताना दोन गोष्टी पाहा: किती महिने बांधील आहात, आणि मधे सोडलंत किंवा कंपनीने काढलं तर ट्रेनिंगचा किती खर्च तुमच्याकडून वसूल होईल. काढून टाकल्यावरही पूर्ण रक्कम मागत असतील तर सही आधी कुणा जाणत्याला दाखवा. प्रत जवळ ठेवा.

उद्या यार्डात गेलात की पहिला अर्धा तास गाडीत चढू नका. दुसरा मुलगा मागे घेत असेल तेव्हा सुरक्षित अंतरावरून ट्रेलरच्या चाकांकडे पाहत उभे राहा, स्टिअरिंग फिरल्यापासून ट्रेलर वळायला लागेपर्यंत मनात आकडे मोजा. मग तुमची पाळी आली की हात सहाच्या आकड्यावर ठेवा, आणि प्रत्येक हालचालीनंतर तेवढे आकडे मोजून मगच पुढची हालचाल करा. दोन आठवडे हे करून वहीतल्या नोंदींसकट मला कळवा, मी त्या वाचून उत्तर देईन.